कबर नसलेला उरूस

मलिद्याच्या ताटाभोवती आपण जे ‘एलियाहू हन्नबी’ गातो, ते पद हिब्रू आहे. पुस्तकाआधी ते आपल्याला आजीच्या तोंडून मिळाले. मात्र त्या गायनाभोवतीची बोली कोकणातली. तिच्यात मुसलमान शेजाऱ्यांचे शब्द मुरलेले आहेत. ‘मलिदा’ हा शब्द फारसी. तिशा बेआवचा उपास म्हणजे आपला ‘बिरड्याचा रोजा’. १७९६ साली मुंबईत उभारलेल्या शार हारहमीम सिनेगॉगला लोक ‘जुनी मशीद’ म्हणत. शेवाट महिन्याच्या पंधराव्या दिवसाचा सण तर ‘एलियाहू हन्नबीचा उरूस’.

दर्ग्याचा उरूस संताच्या पुण्यतिथीला, त्याच्या कबरीपाशी भरतो. एलियाहू हन्नबींना मात्र कबरच नाही. ‘दुसरे राजे’ या ग्रंथात ते जिवंतपणीच स्वर्गात गेले. अग्नीचा रथ आला होता. अलिबागजवळच्या खंडाळ्यास त्या रथाची खूण खडकावर उमटली, अशी आपल्या पूर्वजांची श्रद्धा. म्हणजे शब्द शेजाऱ्यांचा, अर्थ तनाखचा.

अमेरिकेत वाढणारी मुले विचारतात, ‘हे शब्द तर मुसलमानांचे, मग आपण कोण?’ संकोचून काही पालक तेथे हिब्रू शब्द घालतात. तसे करू नये. शतकानुशतके परक्या शब्दांत राहूनही ज्यांनी शब्बाथ व शेमा सोडला नाही, त्यांची साक्ष याच शब्दांत आहे. ते पुसले, तर मुलांच्या प्रश्नाचे उत्तरही पुसले जाईल.