दानातला लोकांचा वाटा

कराचा अभ्यास करणारे आणि दानाचा अभ्यास करणारे सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. कर हा वाणिज्य शाखेचा विषय, तर दान हा समाजकार्याचा, धर्मशास्त्राचा किंवा इतिहासाचा. हा ग्रंथ या दोन विषयांच्या शिवेवर उभा आहे. कायदा, अर्थशास्त्र, इतिहास, वैद्यकीय समाजसेवा, कोणत्याही बाजूने आलात तरी इथे तुम्हाला हाताशी धरण्याजोगे काहीतरी सापडेल. आकडेमोडीची भीती बाळगू नका. शेकडेवारी येत असली की पुरे.

एखाद्याने गावच्या शाळेला देणगी दिली, तर तेवढ्या रकमेवरचा कर सरकारने सोडून द्यावा का? बहुतेकजण चटकन ‘हो’ म्हणतात. पण सोडलेला कर कुठूनतरी भरून काढावा लागतो. म्हणजे त्या देणगीत देणाऱ्याच्या शेजारी आपण सगळेच उभे असतो, कुणी न विचारता.

हे परखडपणे मांडणारे पहिले मोठे नाव ग्लॅडस्टन यांचे. १८६३ साली ब्रिटनचे अर्थमंत्री असताना त्यांनी धर्मादाय संस्थांची आयकरातली सूट काढून घेण्याचा प्रस्ताव आणला. ही सूट म्हणजे सरकारी तिजोरीतून दिलेले अनुदानच आहे, फक्त त्यावर संसदेची देखरेख नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मृत्युपत्राने केलेल्या दानात देणाऱ्याला स्वतःच्या सुखाला कात्री लावावी लागत नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. विरोध इतका झाला की प्रस्ताव मागे घ्यावा लागला. युक्तिवाद मात्र टिकला. १९६७ मध्ये अमेरिकी अर्थखात्यातले स्टॅन्ली सरे यांनी त्यालाच हिशेबाची शिस्त दिली. सवलतीपोटी सोडलेला प्रत्येक कर हा खर्च समजावा आणि अंदाजपत्रकात तसा दाखवावा, हे त्यांचे म्हणणे. भारताच्या केंद्रीय अर्थसंकल्पासोबत सवलतींमुळे सोडलेल्या महसुलाचे विवरण २००६ पासून येऊ लागले, ते याच विचारातून.

मग दान कशाला म्हणायचे? या प्रश्नावर आपल्या न्यायालयांनी जेवढा विचार केला आहे, तेवढा क्वचितच कुठे झाला असेल, आणि मला स्वतःला या क्षेत्रातला हा भाग सर्वांत समृद्ध वाटतो. १८९१ च्या पेम्सेल खटल्यात ब्रिटनच्या उमराव सभेने धर्मादायाचे चार वर्ग पाडले : दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्म आणि इतर लोकोपयोगी कामे. भारतीय आयकर कायद्यात चौथ्या वर्गाला ‘सर्वसाधारण लोकोपयोग’ असे व्यापक रूप आले आणि वादाला तिथेच तोंड फुटले. लाहोरचे ‘ट्रिब्यून’ वृत्तपत्र चालवणारा न्यास १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. सुशिक्षित लोकमताला मुखपत्र पुरवणे हे लोकोपयोगी काम ठरले आणि सूट मिळाली. १९४४ मध्ये गांधीजींच्या चरखा संघालाही सूट मिळाली. खादी विकून पैसा येत होता, हे त्याच्या आड आले नाही. पुढे १९६१ च्या कायद्याने लोकोपयोगी कामात नफ्याचा उद्योग नसावा अशी अट घातली. कन्नड वृत्तपत्र चालवणारा लोकशिक्षण ट्रस्ट १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याच अटीवर अडकला. दोन्हीकडे न्यास, दोन्हीकडे वर्तमानपत्र आणि निकाल मात्र उलट. ती अट नंतर गेली, २००८ मध्ये वेगळ्या शब्दांत परत आली आणि २०२२ मध्ये अहमदाबाद नगरविकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिचा पुन्हा सविस्तर अर्थ लावला. विद्यार्थ्याने हे निकाल ओळीने, एका बैठकीत वाचावेत.

पळवाटांकडे येताना एक भेद मनाशी पक्का असू द्यावा. खोटी पावती ही चोरी असते. पळवाट म्हणजे कायद्याने स्वतःच उघडे ठेवलेले दार. वैज्ञानिक संशोधनाला दिलेल्या देणगीवर एके काळी १७५ टक्के वजावट मिळत असे. ३० टक्के दराने कर भरणाऱ्या व्यावसायिकाने शंभर रुपये दिले की अधिभार न धरताही साडेबावन्न रुपयांचा कर वाचे. सवलत इतकी मोठी असेल, तर दिलेले पैसे दलाली कापून रोखीने परत घेण्याचा मोह होणारच, आणि तसे व्यवहार छाप्यांत उघडही झाले. इथे कायद्यानेच चोरीला आमंत्रण दिले होते. ही वजावट आधी १५० आणि २०२० पासून १०० टक्क्यांवर आणली गेली. दुसरी पळवाट कमी बोलली जाते. न्यासाने उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टावर खर्च करावा लागतो, पण तोच पैसा दुसऱ्या न्यासाला दिला तरी खर्च धरला जाई. दुसऱ्याने तिसऱ्याला द्यावा आणि लाभार्थ्यापर्यंत काहीच पोहोचू नये, असे घडू शकत होते. २०२३ पासून अशा हस्तांतराचा ८५ टक्के भागच खर्च म्हणून धरतात.

पण माझ्या मते खरा अन्याय या पळवाटांपेक्षा वजावटीच्या रचनेतच आहे. आयकर कायद्यातील देणगीच्या तरतुदीनुसार (१९६१ च्या कायद्यातले कलम ८० जी) सामान्य खासगी न्यासाला दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. ही वजावट मिळते त्या जुन्या करप्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने शंभर रुपये दिले तर सरकार पंधरा रुपये सोडते. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला दहा. करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत असलेल्या शिक्षिकेला काहीच नाही, कारण तिला मुळात कर लागत नाही. त्याग तिचा मोठा, पण लोकांच्या पैशाची जोड श्रीमंताच्या पसंतीला. कॅनडाने १९८८ मध्ये वजावट रद्द करून ठरावीक दरांची करसूट आणली. ब्रिटनमध्ये १९९० पासून आयकराच्या मूळ दराएवढी रक्कम थेट संस्थेच्या हाती जाते. दानाला सरकारी मदत ठेवावी, पण ती सर्वांना एकाच दराने मिळावी, असे मी ठामपणे म्हणतो.

भारताने मात्र वेगळीच वाट धरली. नव्या करप्रणालीत ८० जीची वजावट नाही आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून वेगळी निवड न केल्यास तीच प्रणाली लागू होते. ३१ जुलै २०२४ पर्यंत आलेल्या ७.२८ कोटी विवरणपत्रांपैकी ५.२७ कोटी नव्या प्रणालीतली होती. वजावट कायद्याच्या पुस्तकात राहिली आणि बहुतेकांच्या व्यवहारातून गेली. संस्थांच्या स्वतःच्या उत्पन्नावरची सूट मात्र कायम आहे. एवढा मोठा बदल दानावर थेट वाद न होता घडून जावा, हे मला खटकते.

सवलतीच्या बदल्यात काय मागावे, याचे सर्वांत ठोस उत्तर महाराष्ट्राकडे आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील कलम ४१ एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. सवलत घेणाऱ्याने लोकांचे देणे मोजून, ठरलेल्या प्रमाणात फेडावे, हे तत्त्व इथे कागदावर आहे. ते किती पाळले जाते, हे प्रत्येक जिल्ह्यात तपासण्यासारखे आहे.

हे तपासण्याचे काम मराठीत फार थोडे झाले आहे. न्यासांचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल होतात. या ग्रंथाच्या तरुण वाचकाने आपल्या जिल्ह्यातला एक न्यास निवडावा, त्याची दहा वर्षांची हिशेबपत्रके मिळवून वाचावीत आणि जे दिसेल ते मराठीत लिहावे.