वनमार्गाने देवदर्शनास जाताना घ्यावयाची दक्षता

मच्छे परिसरातील अनेक भाविक पिरनवाडी व जांबोटीमार्गे कणकुंबीस श्री माउली देवीच्या दर्शनास जातात. जांबोटीपुढे हा मार्ग दाट अरण्यातून चोर्ला घाटाकडे जातो. या भागातील भीमगड अरण्यास २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथे गवे, सांबर, अस्वल व बिबटे यांचा वास आहे.

गव्याच्या धडकेचा धोका मोठा असतो. मोठ्या नराचे वजन सुमारे १००० किलोपर्यंत भरू शकते व काळसर अंगामुळे तो अंधारात चटकन दिसत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. ब्रेक दाबेपर्यंतच तेवढे अंतर संपते.

यास्तव आम्ही भाविकांस विनंती करतो :

१. पहाटे व सूर्यास्तानंतर प्रवास टाळावा. अटळ असल्यास वेग कमी ठेवावा.

२. एक गवा दिसल्यास मागे कळप असेल असे समजून दूर थांबावे. दिवे मंद करावेत. हॉर्न वाजवू नये, खाली उतरू नये.

३. माकडांना प्रसाद, केळी वा नारळ टाकू नयेत. अन्नाच्या आशेने प्राणी रस्त्यावर येतात व वाहनाखाली सापडतात. असे दान पुण्याचे नव्हे.

४. अपघात घडल्यास ११२ क्रमांकावर कळवावे. जखमी प्राण्याजवळ जाऊ नये.

दर्शनास थोडा विलंब झाला तरी चालेल. भाविक व वन्यजीव दोघेही सुखरूप राहावेत, हीच देवीचरणी प्रार्थना.