वस्ती नकाशात कोठे आहे?

गेल्या उन्हाळ्यात एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती आता समाजकार्याचे शिक्षण घेते. तिने संगणक उघडला आणि माझ्या गावाचा, वाशीम जिल्ह्यातल्या एका लहान खेड्याचा, नकाशा पुढे केला. "सर, आपल्याला हवा तो भाग आपणच आखायचा. आतली लोकसंख्या हे यंत्र सांगतं." मी तिला ओढ्यापलीकडची आमची वस्ती दाखवली. तिने भोवती रेघ फिरवली. उत्तर आले : ४ माणसे. त्यांत अनुसूचित जातींचे एक माणूसही पुरते भरत नव्हते!

आम्ही दोघे हसलो. पण ते हसू फार टिकले नाही. ज्या वस्तीत माझा जन्म झाला, जेथे साठाहून अधिक उंबरे आहेत आणि प्रत्येक उंबऱ्याआत बाबासाहेबांची तसबीर आहे, ती वस्ती रेघ मारताच नाहीशी झाली होती.

यंत्राचा हिशोब मात्र बरोबर होता. त्याच्यापाशी २०११च्या जनगणनेचा आकडा होता, तोही अख्ख्या गावाचा. गोल करून सांगायचे तर १,६०० माणसे, त्यांतली ३२० अनुसूचित जातींची, आणि शिवारासह क्षेत्र ८०० हेक्टर. आमची वस्ती २ हेक्टरांत दाटलेली. यंत्राने माणसे तुरीच्या बियांसारखी शिवारभर सारखी पेरली आणि दोन हेक्टरांच्या वाट्याला चार दिली. ग्रामीण भागात जनगणनेचा प्रसिद्ध होणारा आकडा गावापाशी थांबतो. गावाच्या आत तुम्ही कितीही बारीक रेघ आखा, हाती येते ती गावाची सरासरीच. आणि या सरासरीत गाव एक असते, जे प्रत्यक्षात ते कधीच नव्हते.

दुसऱ्यांनी आखलेल्या रेघांचा वऱ्हाडच्या या कोपऱ्याला जुना अनुभव आहे. इंग्रजी अमदानीत वाशीम हा जिल्हा होता. वाशीम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तालुके. १९०५ साली तो मोडला. पहिले दोन तालुके अकोल्याला गेले, पुसद यवतमाळला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला, पण पुसद परत आले नाही आणि एके काळी मूर्तिजापूर तालुक्यात असलेले कारंजे आत आले. म्हणून १९०१चा वाशीम आणि २००१चा १०,२०,२१६ लोकसंख्येचा वाशीम शेजारी मांडून कोणी वाढ-घट सांगू लागला, तर तो दोन वेगळ्या भूमींची तुलना करीत असतो. खरा अभ्यास करायचा तर गावे एकेक वेचून जुना प्रदेश नव्याने जुळवावा लागतो.

पण सीमा केवळ तुलना बिघडवून थांबत नाही. ती माणसाचे नावही ठरवते. १९५६च्या यादीत आंध ही मराठवाड्यात अनुसूचित जमात होती. विदर्भात मात्र मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ एवढ्याच तालुक्यांत. म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या हिंगोलीकडचा आंध हा आदिवासी, आणि हद्द ओलांडून वाशीमकडे नांदणारा त्याचाच सोयरा आदिवासी नव्हे! रक्त एक, बोली एक, दारिद्र्य एक. १९७६च्या कायद्याने ही क्षेत्रमर्यादा उठवली. मधल्या वीस वर्षांत ज्यांची शिक्षणाची वये निघून गेली, त्यांचा हिशोब कोणत्या रकान्यात आहे?

आमच्या बाबतीत हीच करामत नकाशाऐवजी रकान्याने केली. महाराष्ट्रात १९५१ साली बौद्ध होते २,४८७. धम्मदीक्षेनंतर १९६१ साली २७,८९,५०१. परंतु १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीत मोजला जात नसे. १९९०च्या दुरुस्तीने तो आत आला. त्यामुळे राज्यातील अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ साली ७.१४ टक्के दिसते आणि १९९१ साली ११.०९ टक्के. दहा वर्षांत एवढी माणसे जन्मली नव्हती. ती त्याच घरांत, त्याच वस्त्यांत होती.

बाबासाहेबांनी हे मर्म फार आधी ओळखले होते. १९५५च्या भाषावार राज्यांवरील पुस्तकात त्यांनी मराठी मुलखाचे चार भाग स्वतः आखले : मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. आमचा तेव्हाचा अकोला जिल्हा पूर्व भागात होता. त्यांच्या मांडणीशी कोणाचा मतभेद असेल. पण सीमारेषेच्या आत कोणती जात बहुसंख्य होते आणि कोण तिच्या दयेवर राहतो, हा प्रश्न त्यांनी नकाशालाच विचारला. आमच्यातील काही विद्वान मित्र आकडेमोडीला कारकुनी समजतात. त्यांनी ते पुस्तक आकड्यांसह पुन्हा वाचावे.

आता पुढची जनगणना. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवणारी अधिसूचना १६ जून २०२५ला निघाली आणि या खेपेस सर्व जातींची नोंद व्हायची आहे. मोजणीसाठी गावाचे प्रगणक गट पडतात, प्रत्येकाचा नजरी नकाशा निघतो. म्हणजे गावाहून लहान एकक सरकारपाशी असतेच. २०११ साली शहरांतल्या झोपडपट्ट्यांसाठी वेगळे गट पाडले होते. मग गावकुसाबाहेरच्या वस्तीसाठी वेगळा गट का नको? तो अर्धा वस्तीत आणि अर्धा पाटलाच्या आळीत पाडला, तर पाण्याचा नळ आणि संडास यांचा आकडा पुन्हा सरासरीतच बुडणार. घरोघरची नावे कोणी मागत नाही. गटवार बेरजा प्रसिद्ध करा, ही मागणी मात्र आपण केली पाहिजे.

त्या दिवशी विद्यार्थिनीने संगणक मिटला नाही. दुसऱ्या सकाळी तीन पोरे सोबत घेऊन ती वस्तीत दारोदार फिरली : माणसे किती, जमीन किती, पाणी कोठून. मी मागे वही घेऊन. एका आजीने तिला अडवले, "माहा पोरगा पुन्याले कामाले गेला, त्याले धरलं का नाई वं माय?" आमच्या तक्त्यात तसा रकाना नव्हता. ओसरीवर बसून आम्ही तो वाढवला आणि मागे राहिलेल्या अकरा घरी पुन्हा जाऊन विचारून आलो.