नोटरी केलेला भाडेकरार पुरेसा आहे का? ऑनलाइन नोंदणी, खर्च आणि तपासणी

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईत रूम घेतली, की घरमालक किंवा एजंट म्हणतो, "नोटरी करून घेऊ, पाचशे-हजारात काम होईल." झेरॉक्सच्या दुकानात छापील मसुदा तयारच असतो. त्यात नावं भरायची, सह्या करायच्या, गोल शिक्का मारायचा, झालं. मग डिपॉझिट परत मागायची वेळ येते आणि तेव्हा कळतं, की या कागदाला आपण समजत होतो तेवढं वजन नाही.

मित्रांनो, नोटरी आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटरी फक्त समोर झालेल्या सह्यांना दुजोरा देतो. त्या कराराची सरकारी दप्तरात कुठेही नोंद होत नाही. नोंदणी मात्र दुय्यम निबंधकाकडे होते. तिथे दस्ताला क्रमांक मिळतो आणि त्याची प्रत कायम सरकारकडे राहते.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. घर असो की दुकान, भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली आणि गुन्हा सिद्ध झाला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

याच कलमातली आणखी एक गोष्ट मालकांनी नीट वाचावी. नोंदवलेला करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या आहेत हे मालकाला सिद्ध करावं लागतं. म्हणजे हजार रुपये वाचवायला जाऊन मालक स्वतःचाच हात बांधून घेतो.

"पण करार तर अकराच महिन्यांचा आहे, त्याला नोंदणी कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट देशभर रुळली. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे ती बंद झाली आहे. अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. (हे सगळं महाराष्ट्रापुरतं. गोव्यात किंवा कर्नाटकात राहत असाल तर तिथले नियम वेगळे.)

खर्च किती येतो?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बराच कमी. लीव्ह अँड लायसन्सवर स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के लागते. ती पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या तिन्हींच्या बेरजेवर मोजतात.

समजा भाडं १५,००० रुपये, मुदत ११ महिने, डिपॉझिट ५०,००० रुपये. भाड्याचे झाले १,६५,०००. डिपॉझिटवरचं व्याज साधारण ४,६००. बेरीज १,६९,६०० च्या आसपास, आणि त्याचे पाव टक्का म्हणजे सव्वाचारशे रुपये. त्यावर नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. ऑनलाइन दस्त हाताळणीचं थोडं शुल्क वेगळं लागतं. बाकी जे काही घेतलं जातं ती एजंटची फी. ती घेणं चूक नाही, पण सरकारी किती आणि तुमचे किती, हे वेगळं विचारायला लाजू नका.

ऑनलाइन नोंदणी कशी होते?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या, म्हणजे आयजीआर महाराष्ट्रच्या साइटवर लीव्ह अँड लायसन्ससाठी ई-रजिस्ट्रेशनची सोय आहे. मिळकतीचा पत्ता, दोन्ही पक्षांची माहिती, भाडं, डिपॉझिट आणि अटी भरल्या की मसुदा तयार होतो. शुल्क ग्रास या सरकारी यंत्रणेतून भरायचं. त्यानंतर प्रत्येकाचा वेबकॅमवर फोटो आणि आधारशी जुळणारा अंगठा. अंगठ्याचं यंत्र लागतं, म्हणून बहुतेक जण एजंटला घरी बोलावतात. मालक नाशकात आणि तुम्ही पुण्यात असाल तरी अडत नाही, दोघांचे अंगठे वेगवेगळ्या ठिकाणी घेता येतात.

अंगठा वारंवार नाकारला जात असेल, तर आधी एम-आधार ॲप उघडून बघा. सुरक्षेसाठी बायोमेट्रिक लॉक केलेलं असतं आणि ते आपण विसरून जातो. तात्पुरतं अनलॉक करा, काम झालं की पुन्हा लॉक करा.

अंगठा देण्याआधी मसुद्याची पीडीएफ फोनवर मागवून स्वतः वाचा. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार? नोटीस किती महिन्यांची? लॉक-इन आहे का? रंगकामाचे पैसे कापणार का? मेंटेनन्स कोण भरणार? तोंडी ठरलेलं आणि लिहिलेलं बहुतेक वेळा इथेच वेगळं निघतं. डिपॉझिट यूपीआयने दिलं असेल तर व्यवहाराचा क्रमांक करारात टाकून घ्या. राहायला जाल त्या दिवशी भिंती, नळ, पंखे आणि वीज मीटरचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲप करून ठेवा.

झालेली नोंदणी खरी आहे हे कसं ओळखायचं?

तुमच्या हातात दस्त क्रमांक, दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव आणि इंडेक्स टू आला पाहिजे. नुसती "प्रोसेसमध्ये आहे" अशी पीडीएफ म्हणजे नोंदणी नव्हे. चलनावरचा जीआरएन क्रमांक ग्रासच्या साइटवर टाकून पैसे खरंच भरले गेलेत का ते पाहता येतं.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे वेगळं काम आहे. ते मालकाने करायचं असतं आणि महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरून करता येतं. मात्र त्याची पावती म्हणजे भाडेकरार नव्हे.

दुकानासाठी घेत असाल तर

करारात जागेचा वापर "व्यवसायासाठी" असा स्पष्ट लिहून घ्या. जीएसटी नोंदणीला जागेचा पुरावा लागतो आणि तिथे भाडेकरारासोबत मालकाच्या नावाचं वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती जोडावी लागते. मालकाचं नाव दोन्ही कागदांवर सारखंच आहे ना, हे आधीच बघा. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, पण त्यातही पत्ता करारातल्यासारखाच भरा.

मुदत संपली की करार आपोआप वाढत नाही. राहायचं असेल तर नवा करार आणि नवी नोंदणी. घराच्या बाबतीत मुदत संपूनही ताबा सोडला नाही, तर कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून संपण्याच्या तारखेचं रिमाइंडर महिनाभर आधीचं लावून ठेवा.