ग्राहकसंबंध-व्यवस्थापन, वेबमेलमधील
वेबमेलमध्ये आलेली पत्रे केवळ आगमनक्रमाने न ठेवता, ज्या ग्राहकाशी ती निगडित आहेत त्याच्या नावाखाली पूर्वव्यवहार व पुढील स्मरणतिथी यांसह एकत्र मांडण्याची योजना. मंगरूळपीरच्या (जि. वाशीम) बाजारपेठेतील अडत्याला ती नवी वाटू नये; रोजकीर्दीतील तारीखवार नोंदी खतावणीत असामीवार उतरविणे म्हणजे तत्त्वतः हेच. १९९६ चे हॉटमेल ही निव्वळ रोजकीर्दच होती. खतावणीचे काम २००५ साली आलेल्या झोहो सीआरएमसारख्या स्वतंत्र आज्ञावलींकडे राहिले आणि पुढे ते टपालसेवेशी जोडले गेले. पत्त्यावरून असामी ओळखणे हा या जोडणीचा कणा होय. मात्र एकच गृहस्थ दोन पत्त्यांवरून लिहू लागला की त्याचे खाते दुभंगते, आणि ही अडचण तोंडओळखीवर चालणाऱ्या जुन्या मुनिमाला बहुधा पडत नसे.