स्पोर्टी ऑटोमॅटिक मोटार : मंद वेगातील वर्तन

टर्बो इंजिन, झटपट बदलणारे गिअर आणि कडक सस्पेन्शन असलेली ऑटोमॅटिक मोटार ताशी १५-२० किमीच्या खाली कशी वागते, याचा विचार या नोंदीत केला आहे. महामार्गावर हवीहवीशी वाटणारी अशी गाडी गर्दीत अडखळते, क्षणभर थांबून मग एकदम उसळते आणि गचके देते. बहुतेक वेळा हा बिघाड नसतो. गिअरबॉक्स ज्या कामासाठी घडवला, त्याचीच ही दुसरी बाजू असते.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे चाकणच्या कारखान्यात तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (२०१३). १.२ लिटरचे, १०५ पीएसचे टर्बो इंजिन आणि सात गिअरचा, कोरड्या दुहेरी क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स ही तिची ओळख. दुहेरी क्लचची पद्धत पोर्शने १९८०च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत वापरली. २००३ मध्ये ती गोल्फ आर ३२ मधून सर्वसामान्य ग्राहकापर्यंत आली. एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम गिअर आणि रिव्हर्स. पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असल्याने वेगात असताना बदल कळतही नाही.

मंद वेगात मात्र हेच अंगलट येते. ब्रेकवरून पाय काढला की संगणक हाफ क्लचवर गाडी सरकवतो. मुरलेला ड्रायव्हर समोरची ट्रॉली पाहून पायाचा अंदाज बदलतो. संगणकाला रस्ता दिसत नाही, त्याला फक्त पेडल कळते. इंधन वाचावे म्हणून तो लवकर दुसऱ्या गिअरवर जातो. तेवढ्यात पुढची जागा मोकळी झाली आणि ॲक्सिलरेटर दाबला, तर गिअर उतरवायला वेळ लागतो. शिवाय या इंजिनाचा पूर्ण जोर १५०० आरपीएमनंतर मिळतो. दोन्ही विलंब संपले की जोर एकदम येतो.

शिरूर अनंतपाळहून निलंग्याकडे किंवा उदगीरकडे जाताना गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जावे लागते. गावोगावचे गतिरोधक आहेतच, त्यात कडक सस्पेन्शनची भर पडते. कोरडा क्लच हवेवरच थंड होतो. सारखे हाफ क्लचवर चालणे आणि त्यात मराठवाड्याचा चाळिशीपार उन्हाळा, म्हणजे त्याची परीक्षाच. क्लच तापला की थरथर जाणवते आणि गाडी इशारा देते. म्हणून इंचाइंचाने पुढे सरकू नये. अंतर पडू द्यावे, मग ब्रेक पूर्ण सोडून निघावे. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याची सवय तर सोडलेलीच बरी, त्यासाठी हँडब्रेक आहे. मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरून ठेवला की अडखळणे बरेच कमी होते.

याउलट टॉर्क कन्व्हर्टर प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेल असते. जागेवरून निघताना घसरण तेलात होते, क्लच घासला जात नाही. शिवाय सुरुवातीला इंजिनाचा जोर वाढून मिळतो. बाजारातून सरकायला ही रचना निःसंशय उजवी. २०२० मध्ये पोलो जीटीलाही १.० लिटर इंजिनासोबत सहा गिअरचा असाच गिअरबॉक्स मिळाला. बदलातली चपळाई थोडी गेली, मंद चाल सुधारली. टाटाने २०२२ मध्ये अल्ट्रोझला दुहेरी क्लच दिला, पण तेलात बुडालेला. तेल उष्णता वाहून नेते. २०१४ च्या सेलेरिओपासून पसरलेली एएमटी याहून वेगळी आहे: तिच्यात नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स यंत्र हलवते. ती स्वस्त, पण गचक्यांत डीएसजीलाही मागे टाकणारी.

दुहेरी क्लचच्या सगळ्याच तक्रारी सवयीच्या नव्हत्या. मार्च २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनला डीएसजीच्या दोषापायी ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अडखळणे आणि बिघाड यांतला फरक व्यवहारात असा दिसतो: गाडी थंड असतानाही थरथरत असेल, चालता चालता जोर तुटत असेल किंवा रिव्हर्स लागत नसेल, तर ती वर्कशॉपमध्येच न्यावी. जुनी गाडी घेणाऱ्याने चाचणी आठवडी बाजाराच्या गर्दीत घ्यावी, आणि चढावर रिव्हर्सही घेऊन पाहावा.