आंबिवलीतली पहिली पाच वर्षे

मध्य रेल्वेने कसाऱ्याकडे जाताना शहाड आणि टिटवाळा यांच्यामध्ये आंबिवली लागते. स्टेशनच्या आजूबाजूला मोहने, अटाळी, वडवली, गाळेगाव ही जुनी गावे आहेत. एका अंगाला उल्हास नदी आणि टिटवाळ्याकडे काळू. आगरी, कुणबी आणि आदिवासी घरांच्या या पट्ट्यात पुढे कारखान्यामुळे आणि लोकलमुळे बाहेरगावची पुष्कळ कुटुंबे येऊन राहिली. शाळेत जाण्याआधीच्या वयाचे मूल इथे घराबाहेर कधी पडे, कोणाबरोबर आणि कशासाठी, याचा इतिहास कुठल्याही दप्तरात सलग लिहिलेला नाही. तो देवस्थाने, रेल्वे, कारखाना आणि बालवाडी यांच्या इतिहासात विखुरलेला आहे.

जुन्या काळी लहान मुलाच्या वाढीचे टप्पे घरात किंवा देवाच्या दारात साजरे होत. मामाच्या मांडीवर बसवून उष्टावण, मग जावळ, संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान बोरन्हाण. बोरन्हाणाला मुलाला काळे कपडे घालून पाटावर बसवतात, गळ्यात-हातात हलव्याचे दागिने घालतात आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा ओततात. आळीतली पोरे ते वेचायला तुटून पडतात आणि मधोमध बसलेले मूल कधी रडते, कधी समोर पडलेले बोर उचलून तोंडात घालते. हा सोहळा साधारण पाचव्या वर्षापर्यंतच करायचा. त्यानंतर दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून मुलाकडून तिची पूजा करून घेतली की घरच्यांच्या दृष्टीने ते मूल शिकण्याच्या वयाचे झाले.

लांबचा प्रवास घडे तो नवसाने. आगरी-कोळी घरांची कुलस्वामिनी कार्ल्याची एकवीरा, त्यामुळे नवसाचे मूल आणि त्याचे जावळ घेऊन सगळे घर कार्ल्याला जाई. मूल सोबत असे, पण सहल त्याची नव्हती. त्याला काय पाहायला आवडेल, हा प्रश्नच तेव्हा कोणाच्या मनात येत नसे.

हा प्रवास रेल्वेने सोपा केला. बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली. १८५४ मध्ये रूळ कल्याणला आले, १ ऑक्टोबर १८५५ रोजी वासिंदपर्यंत गेले आणि आंबिवलीच्या शिवारातून गाडी धावू लागली. १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग पुरा झाला, तेव्हा कल्याणहून लोणावळ्याला आणि तिथून कार्ल्याला जाणेही आवाक्यात आले. १९३० च्या सुमारास कल्याणपुढचे दोन्ही घाटमार्ग विजेवर आले. कडेवर मूल आणि हातात पिशवी घेतलेल्या बाईला बैलगाडीऐवजी रेल्वे मिळणे, हा या भागातल्या कुटुंबजीवनातला मोठाच बदल मानला पाहिजे.

त्याचा सर्वांत जवळचा लाभ टिटवाळ्याच्या महागणपतीला जाणाऱ्यांना झाला. परंपरेने हे स्थान कण्वमुनींच्या आश्रमाशी आणि शकुंतलेशी जोडलेले आहे, आणि मंदिराच्या जीर्णोद्धाराशी माधवराव पेशव्यांचे नाव निगडित आहे. आंबिवलीकरांना ते एकाच स्टेशनावर. संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, रांग लांबवर जाते. रांगेत बापाच्या खांद्यावर बसलेले मूल, त्याच्या हातात दुर्वांची जुडी, आणि त्याची नजर मात्र खेळण्यांच्या दुकानांवर, हे दृश्य इथे नित्याचे आहे. दर्शन मोठ्यांचे आणि पिपाणी मुलाची, अशी वाटणी या वारीत आपोआपच होऊन गेली. कल्याणला दुर्गाडीच्या नवरात्रातल्या आणि मुरबाडजवळ म्हसा इथल्या पौषातल्या जत्रेतही तसेच घडले. देवासाठी निघालेल्या घराला आकाशपाळण्यापाशी थांबणे भाग पडू लागले.

निव्वळ मुलासाठी घराबाहेर पडायची सवय मुंबईच्या बागांनी लावली. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली. १९५१ मध्ये चर्नी रोडला तारापोरवाला मत्स्यालय आले आणि १९५२ मध्ये मलबार हिलवर कमला नेहरू पार्क. तिथला म्हातारीचा बूट तर सरळ लहान मुलांच्या मापाने विचार करून बांधलेला. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत सकाळची गाडी पकडायची, डब्यात पोळी-भाजी घ्यायची, हत्ती आणि मासे पाहून अंधार पडता परतायचे, असा बेत कल्याणपलीकडच्या घरांत वर्षातून एखादवेळी होई.

आंबिवलीत हा बेत परवडू लागला त्यामागे मोहन्याचा कारखाना होता. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, लोकांच्या तोंडी एनआरसी, इथे स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात उभी राहिली. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत आणि शाळा आली. ठरलेला पगार, ठरलेली सुट्टी आणि शेजारी साऱ्या प्रांतांतली मुले, असे बालपण या भागाला पहिल्यांदाच मिळाले. २००९ मध्ये कारखाना बंद पडला, तेव्हा कित्येक घरांची सुट्टीची ही घडीही विस्कटली.

शाळेआधीच्या शाळेचा इतिहास मात्र ठाणे जिल्ह्याला खास अभिमान वाटावा असा आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. १९४५ मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. २०१४ पासून तो पालघरमध्ये आहे. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. महाग लाकडी साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे आले. आंघोळ घालणे, नखे कापणे हाही शिक्षणाचाच भाग झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज तिथे सहा वर्षांखालील मुलांना पोषक आहार, लसीकरण, वजनाची नोंद आणि तीन वर्षांपुढच्यांना गाणी-गोष्टी मिळतात. ‘वजन वाढले’ हाही आता मुलाच्या वाढीतला नोंदवून ठेवण्याजोगा टप्पा ठरला.

१९९५ च्या डिसेंबरात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली आणि ठरावीक रविवारी नवी वारी निघू लागली. चौकात, दवाखान्यात, रेल्वे स्टेशनवर बूथ लागत. दोन थेंब तोंडात पडले की डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण. ती मूल दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरे. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. पाच वर्षांखालील मुलांसाठीचे हे रविवार त्यानंतरही चालू राहिले.

आजच्या आंबिवलीत गृहसंकुलांच्या आवारात घसरगुंड्या आहेत आणि गावालगत झाडे लावून केलेले जैवविविधता उद्यान आहे. राणीच्या बागेत २०१७ पासून पेंग्विन दिसतात आणि त्यांच्यासाठी लोकलने भायखळा गाठणारी घरे याही स्टेशनवरून निघतात. पाच वर्षांखालील मुलाला लोकलमध्ये तिकीट लागत नाही, पाच ते बारा वयाला अर्धे लागते. टिटवाळ्याची वारीही चालूच आहे, आणि मुलाला अंगणवाडीत किंवा बालवर्गात पाठवण्याआधी तिथे एकदा डोके टेकवून येण्याचा प्रघात पुष्कळ घरांत आहे.